कोरा पडदा

कप्तानबाईने चाक उजवीकडे फिरवलं. रडारच्या पडद्यावरचा पिवळा ठिपका, मागे शेपटासारखी रेघ ओढत, तरी नाकासमोरून येतच राहिला, तेव्हा तिने ते आणखी फिरवलं. खिडक्यांच्या जागी लावलेल्या तीन मोठ्या पडद्यांवर नुसतं करडं धुकं होतं. त्या धुक्यातून एकाएकी दगडी बांध उगवला, खोलीभर कर्कश शिट्टी घुमली आणि मागच्या बाकावरून टाळ्या आल्या.

"प्रवासीहो, ठिकाण आलं," पैलवान ओरडला. "उतरताना पाय जपून टाका. खाली पाणी आहे."

पैलवान म्हणजे टगबोटीचा कप्तान. अजस्र जहाजं दोराने ओढून धक्क्याला लावायची हे त्याचं काम, आणि आवाजही त्या कामाला शोभेल असाच. त्याच्या शेजारी बसलेला गाळवाला, म्हणजे गाळ उपसणाऱ्या बोटीवरचा माणूस, नेहमीसारखा नुसताच हसला.

शिकवणाऱ्या मॅडमने शिट्टी बंद केली. घाई न करता, निजायच्या आधी दिवा मालवावा तशी.

"काय झालं?" तिने विचारलं.

"दिसतंय की. बांधावर चढले."

"कशामुळे?"

"समोरून बोट येत होती. तिला वाट द्यायला उजवीकडे वळले. नियमच आहे तो."

"बोट होती हे कशावरून?"

"शेपूट होतं तिला. चांगलं लांब. सरळ माझ्यावर येत होती."

मॅडम पुढे वाकली आणि तिने पडद्याखालचं एक बटण दाबलं. ठिपक्याचं शेपूट गळून पडलं. तो आता जागच्या जागी मुकाट उभा होता. उलट डाव्या बाजूला इतका वेळ निमूट उभा असलेला दुसरा एक ठिपका होता, त्याला शेपूट फुटलं.

"हा बोया आहे," मॅडम म्हणाली. "वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेला, साखळीने तळाशी बांधलेला. तो कुणाच्या अंगावर जात नाही. तुम्ही त्याच्या अंगावर जात होता. आणि ही डावीकडची बोट. तुमच्याच दिशेने, तुमच्याच वेगाने चालली होती, म्हणून तुम्हाला उभी वाटली."

"नकाशात तिथे बोया नाहीये."

"गाळ काढण्यासाठी सरकवलाय. नकाशाला कळायला वेळ लागतो. रडारला लागत नाही." तिने बटण पुन्हा दाबलं, शेपूट पुन्हा आलं. "शेपटं दोन तऱ्हांची काढता येतात. खरी आणि सापेक्ष. खऱ्यामध्ये जो हलतो त्यालाच शेपूट. सापेक्षमध्ये यंत्र असं धरून चालतं की आपण जागेवर आहोत आणि जग आपल्या अंगावर येतंय. दोन्ही बरोबर आहेत. कुठलं लावलंय, ते कोपऱ्यातल्या अक्षरावरून आधी बघायचं असतं. आज मी सगळ्यांना मुद्दाम सापेक्ष लावून दिलं होतं."

"मग बांधालाही शेपूट दिसायला हवं होतं," गाळवाला म्हणाला. तो बोलला की सगळे वळून बघत, इतकं ते क्वचित घडे.

"चांगला प्रश्न. बांध आपल्या वाटेला समांतर आहे. त्याचं शेपूट त्याच्याच अंगावरून मागे सरकतं, त्यामुळे वेगळं दिसत नाही. चुगली करतो तो एकटा बोया." मग कप्तानबाईकडे न बघता ती म्हणाली, "आपण जागेवर आहोत आणि बाकीचे सगळे आपल्यावर चाल करून येताहेत, असं पुष्कळ माणसंही धरून चालतात. माणसांच्या कोपऱ्यात अक्षर नसतं, एवढंच."

पैलवानाने "ओहो" केलं.

"काही शंका?" मॅडमने विचारलं. रोजचा तास ती याच दोन शब्दांनी संपवत असे.

"नाही," कप्तानबाई म्हणाली. तिचं उत्तरही रोजचंच होतं. उठता उठता तिच्या अंगठ्याने पडद्याखालचं पुसायचं बटण दाबलं. ठिपके, शेपटं, सगळं गेलं, पडदा कोरा झाला. ती चालवायची त्या फेरीबोटींवरची रीतच होती ती. आपली पाळी संपली की पुढच्याला कोरा पडदा देऊन उठायचं, खरकटं ताट तसंच टाकून उठू नये तसं. मॅडमची नजर त्या अंगठ्यावर गेली आणि क्षणभर तिथेच राहिली. मग तिने यंत्रं बंद करायला घेतली.

बाहेरच्या बोळात चहाचं मशीन होतं. पैलवानाने त्याच्या पोटात एक गुद्दा घातला, तेव्हा त्याने चहा दिला.

"कप्तानबाई, रागावू नका, पण तुम्ही दोघी एकमेकींना अगदी पाण्यात पाहता. आमच्यासारख्यांना पाण्यातच राहायचं असतं, म्हणून विचारतो. काय भानगड आहे?"

"भानगड कसली? माझी वहिनी होती ती."

पैलवानाचा कप ओठापाशीच थांबला. "होती म्हणजे?"

"म्हणजे होती. आता मॅडम आहे."

मग तिने सांगितलं, कारण न सांगितलं तरी बंदरात ते कुणीतरी सांगितलंच असतं. आता ती चालवत होती तीच फेरीबोट पूर्वी दिवसाच्या दुसऱ्या पाळीला तिचा दादा चालवायचा. सकाळची पाळी तिची. नवीनच मिळाली होती तेव्हा. एका दुपारी दाट धुकं होतं. तिने धक्क्यावर फेरी दादाच्या ताब्यात दिली आणि ती घरी गेली. घरी पोचायच्या आतच निरोप आला, फेरी बांधावर चढली. जीव कुणाचा गेला नाही. एका म्हाताऱ्याचा हात मोडला, दोन बायका पाण्यातून काढाव्या लागल्या. चौकशीत दादा एकच सांगत राहिला, समोरून बोट आली. अशी कुठलीही बोट त्या वेळी बंदरात नव्हती. बंदराच्या यंत्रविभागातून साक्षीला आली ती त्याचीच बायको. चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, यंत्रात बिघाड होता का? ती म्हणाली, यंत्र ठीक होतं.

"एवढंच?" पैलवान म्हणाला.

"एवढंच. तीन शब्द. दादाचा परवाना कायमचा गेला. आता दुसऱ्या बंदरात दोरखंडाच्या गोदामात बसतो. समुद्राकडे पाठ करून."

"आणि वहिनी?"

"वर्षाच्या आत वेगळी झाली. घरच्या माणसाला बुडवून वर स्वतः काठावर कोरडी. आता आम्हाला शिकवते. उंटावरून शेळ्या हाकायच्या, खोलीत बसून जहाजं हाकायची."

पैलवानाने मान हलवली. म्हणाला, "पण ते समोरून आलेल्या बोटीचं... आज तुम्हालाही तशीच बोट भेटली की हो."

कप्तानबाईने हातातला कप पाहिला. तो कलंडला होता आणि चहा तिच्या बोटांवरून टपटप गळत होता. ती वळली आणि तरातरा परत वर्गाकडे गेली.

मॅडम फळा पुसत होती. तिची काळी पिशवी नेहमीप्रमाणे पहिल्या खुर्चीवर होती. त्या खुर्चीवर ती कधी कुणाला बसू देत नसे.

"तेव्हा दादाच्या फेरीवर नवीन रडार कुणी बसवलं होतं?" कप्तानबाईने दारातूनच विचारलं.

मॅडम थांबली. "यंत्रविभागाने."

"म्हणजे तुम्ही."

"मी आणि आणखी दोघे."

"अपघाताच्या आधी आठवडाभर. बरोबर? म्हणजे ते सापेक्षवर तुम्ही ठेवलं होतं. दादाला बोया दिसला आणि त्याला वाटलं बोट आली. तो खोटं बोलत नव्हता. आज मला दिसली तशीच त्याला दिसली! चूक तुमची होती, आणि चौकशीत उभं राहून तुम्ही म्हणालात, यंत्र ठीक होतं."

"यंत्र ठीकच होतं."

"आणि वर त्याचाच धडा करून आम्हाला शिकवता? ज्या बांधावर नवऱ्याचं वाटोळं झालं तो बांध पडद्यावर काढायला हात कसा धजला तुमचा?"

मॅडमने डस्टर खाली ठेवलं. खडूची पांढरी धूळ तिच्या बोटांवर होती. ती तिने पुसली नाही.

"मी बसवलं तेव्हा खऱ्यावर लावून दिलं होतं," ती म्हणाली. "बसवून झाल्यावर त्यांच्यासमोर तपासलं होतं. तुमच्याही समोर."

"मग आपोआप बदललं?"

मॅडमने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती, रागही नेहमीचा नव्हता. मग ती म्हणाली, "उद्या चाचणी आहे. वेळेवर या. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तिकिटाच्या खिडकीत बसावं लागेल."

"आणि उद्याही मला शेवटीच बसवणार असाल. आठवडाभर शेवटी बसवताय. पहिल्या दोघांचं सगळं बघत बसायचं आणि मग दमल्या डोळ्यांनी चाक धरायचं. मला काय कळत नाही का?"

"उद्याही शेवटीच."

"बघू," कप्तानबाई म्हणाली.

ती तशीच मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. मोठे साहेब म्हणजे या शाळेचे प्रमुख. जहाजावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती, आणि आता दोन बायकांच्या भांडणापेक्षा वादळ बरं असं त्यांचं मत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत घातला. नोकरीत ज्येष्ठ तो आधी, असा निवाडा दिला आणि उद्या आपण स्वतः चाचणीला बसू असंही सांगून टाकलं. तिघांत ज्येष्ठ कप्तानबाईच होती.

घरी जाताना तिने दादाला फोन लावला. "समोरची बोट म्हणजे बोया होता दादा. मला कळलं आज. तुझी चूक नव्हती. यंत्रच उलटं लावलेलं होतं."

पलीकडे काही क्षण गोदामातल्या गाड्याचा खडखडाट ऐकू आला.

"जाऊ दे ना आता," दादा म्हणाला. "तू पास हो. बाकी उकरू नकोस."

"उकरणार. तिने तुला बुडवलं."

"कोणी बुडवलं नाही मला. जेवलीस का?"

दादाला असंच बोलता येई. एखादी गोष्ट नको असली की तो जेवणावर यायचा.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. मॅडमने नवा धडा लावला होता. एका खाडीचं तोंड, दोन्हीकडे वाळूचे दांडे, मध्ये अरुंद खोल पाणी आणि अर्थातच धुकं.

"शेपटं खरी लावून दिली आहेत," तिने तिघांना सांगितलं. "पहिल्याने नीट तपासून घ्यावं. मागून येणाऱ्याने काही बदलायची गरज नाही." मग ती अडखळली. मोठ्या साहेबांकडे वळून म्हणाली, "साहेब, माझं अजूनही म्हणणं आहे, क्रम कालचाच ठेवावा."

"का बरं?"

मॅडमने एकदा कप्तानबाईकडे पाहिलं. "सवयीचा आहे म्हणून."

"सवयी मोडायलाच तर शाळा असते," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले.

कप्तानबाई चाकापाशी बसली. आज तिचे हात शांत होते. कोपऱ्यातलं अक्षर तिने आधी पाहिलं. खरं. पाण्याची खोली दाखवणाऱ्या आकड्यांवर एक डोळा, नकाशावर एक, आणि मधूनच रडारवर. उभे ते उभे होते, चालते ते चालते होते. एक मासेमारीची होडी आडवी गेली, तिला तिने वेग कमी करून वाट दिली. एका जहाजाचं नाव आणि वेग यंत्राने आपण होऊन दाखवला, तो वाचून ती थांबली आणि त्याला जाऊ दिलं. वाळूचा दांडा डावीकडून हळूहळू मागे पडला. खाडीच्या आतल्या धक्क्याला तिने बोट इतकी अलगद लावली की गाळवाल्याने न राहवून "वा" म्हटलं.

"उत्तम," मोठे साहेब म्हणाले.

मॅडमने धडा परत सुरुवातीला नेऊन ठेवला आणि नोंदी करायला मान खाली घातली. कप्तानबाई उठली. छाती भरून आली होती. आता बघ म्हणावं. उठता उठता अंगठा गेला, पडदा कोरा झाला, आणि "या पैलवान" म्हणून ती बाकावर जाऊन बसली.

मॅडमने मान वर केली तेव्हा पैलवान खुर्चीत मावायची खटपट करत होता.

तो सुरुवातीला बरा चालला. तोंडाने गुणगुणतही होता. खाडीच्या तोंडाशी त्याने वेग वाढवला, आणि थोड्या वेळाने गुणगुणणं थांबलं.

"हा कोण शहाणा समोरून येतोय?" तो पुटपुटला. "अरे बाबा, हट ना. वाट माझीही आहे." त्याने चाक उजवीकडे घेतलं. "हटत नाही म्हणजे काय? झोपलाय का?" आणखी घेतलं. पाण्याच्या खोलीचे आकडे भराभर उतरू लागले. गाळवाला अर्धवट उठला. पैलवानाने वेग तोडला, पण तोवर शिट्टी वाजली. बोट वाळूच्या दांड्यावर जाऊन बसली होती, आणि पैलवानाला ज्याने हैराण केलं तो ठिपका मोठ्या पडद्यावरच्या धुक्यातून स्पष्ट दिसत होता. पाण्यात रोवलेला एक खांब, त्याच्या डोक्यावर दिवा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मॅडम, हे चालणार नाही!" पैलवान उसळला. "तुम्हीच सांगितलंत खरं लावलंय म्हणून. हा खांब मेला शेपूट हलवत माझ्यावर येत होता!"

मॅडम पडद्यापाशी गेली. वाकली. कोपऱ्यातलं अक्षर तिने पाहिलं, पण ते बघायला तिला वाकायची गरज नव्हती.

"आता सापेक्षवर आहे," ती म्हणाली.

"असं कसं होईल?" मोठे साहेब उठून आले. "कप्तानबाई, तुम्ही बसलात तेव्हा खरं होतं ना?"

"होतं," कप्तानबाई म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखा वाटला.

"मग? मॅडम, यंत्रात बिघाड आहे का?"

मॅडमने क्षणभरही वेळ घेतला नाही. कप्तानबाईकडे तिने पाहिलंही नाही.

"नाही साहेब," ती म्हणाली. "यंत्र ठीक आहे. पैलवानांची चाचणी मी पुन्हा घेते. त्यांचा दोष नाही."

"पण मग झालं काय?"

"मी सुरू करताना बघायला हवं होतं. पुन्हा घेते."

साहेब काहीतरी पुटपुटत जागेवर गेले. पैलवान दुसऱ्यांदा बसला, तोंड वाकडं करून पण नीट गेला. मग गाळवाला गेला. गाळ कुठे साचतो ते ओळखण्यावर ज्याचं पोट भरतं, त्याला वाळूचा दांडा काय घाबरवणार? कप्तानबाईला त्यातलं काही दिसलं नाही. ती आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसली होती.

सगळे गेल्यावर ती मागे राहिली. मॅडम कागद लावत होती. कप्तानबाई चाकापाशी गेली आणि उभ्यानेच तिने शेपटं खऱ्यावर लावली. कोपऱ्यात अक्षर उमटलं. मग तिने पुसायचं बटण दाबलं. पडदा कोरा झाला, आणि कोपऱ्यातलं अक्षर बदललं. तिने परत लावलं. परत पुसलं. परत बदललं.

"जुन्या यंत्रावर याने नुसती शेपटं जायची," ती म्हणाली.

"हो."

"आमच्या फेरीवर अजूनही नुसती शेपटंच जातात."

"अपघातानंतर फेऱ्यांवरची मांडणी कुलूपबंद केली. खबरदारी म्हणून. मीच करायला लावली. नव्या यंत्रात हे बटण सगळंच मूळपदावर नेतं. कारखान्यातून येतं तसं. माहितीच्या पुस्तकात एक ओळ आहे. मी ती तुम्हा दोघांना सांगायला हवी होती. मला तुमची ही रीतच ठाऊक नव्हती. आम्ही यंत्रवाले पुसत नाही काही."

कप्तानबाईने खुर्चीची पाठ धरली. धुक्याने भरलेली ती दुपार, धक्क्याला लागलेली फेरी, घाईने चढणारा दादा. आणि त्याला कोरा पडदा देऊन, त्याच्या पाठीवर थाप मारून उतरणारी ती.

"दादाला ठाऊक आहे?"

"त्याच संध्याकाळी. नोंदी मी काढल्या होत्या. मीच घरी येऊन सांगितलं."

"मग तो का नाही बोलला?"

"तुमची फेरी नवीन होती. म्हणाले, एकाचं गेलं तेवढं पुरे, तिचं नाव निघता कामा नये. मी म्हटलं, मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, बोलू नकोस. विचारतील त्याचंच उत्तर दे." मॅडमने कागदांची थप्पी टेबलावर आपटून सरळ केली. "त्यांनी फक्त यंत्राबद्दल विचारलं."

"आणि तुम्ही मला इतकी वर्षं काही सांगितलं नाहीत. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. सगळ्या बंदरात बोलत फिरले. तुम्ही माझ्यासाठी—"

"तुमच्यासाठी नाही, वन्सं." तो शब्द तिने इतक्या वर्षांनी उच्चारला आणि तोही थंडपणे, पाण्यात दगड टाकावा तसा. "गैरसमज नको. शब्द मी त्यांना दिला होता. तो पाळताना घरात रोज कसं बसायचं, त्यांच्याकडे बघून काय बोलायचं, ते मला जमलं नाही. ते बहिणीला वाचवून मोकळे झाले. मला तुमचा राग तेव्हाही होता, आताही आहे."

"मग रोज शेवटी बसवत होता ते?"

"तुमच्या मागून माझ्या वर्गात आणखी कुणी बांधावर चढायला नको होतं. आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर बघायलाही नको होतं. तेवढं मला जमत होतं. काल तुम्ही तेही मोडून आलात."

बाहेर बोळात पैलवानाने चहाच्या मशीनला गुद्दा घातल्याचा आवाज आला. मोठ्या पडद्यांवर धुकं अजून तसंच होतं. खांबावरचा दिवा लागत होता, विझत होता.

"तुम्ही पास झाला आहात," मॅडम म्हणाली. "चालवलंत चांगलं. प्रमाणपत्र साहेबांकडून घ्या, उद्यापासून फेरीवर जाता येईल." ती दाराशी गेली आणि दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभी राहिली. सवयीने तिच्या तोंडून ते दोन शब्द गेले. "काही शंका?"

कप्तानबाई चाकापाशीच होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"एक आहे."

"विचारा."

"बंद झालेली चौकशी परत उघडायची असेल तर कुणाला भेटायचं असतं?"

वहिनीचा हात बटणावरच राहिला. ती वळली नाही.

"फेरी जाईल तुमची," ती म्हणाली.

"मी ते नाही विचारलं, वहिनी."

वहिनीने दिवा मालवला नाही. ती परत आत आली, पहिल्या खुर्चीवरची आपली काळी पिशवी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.